दोन जीवांची चाल

बाईच्या कमरेचा बाक तीन मणक्यांवर पसरलेला असतो, पुरुषाचा दोनच मणक्यांवर. वाढतं पोट सांभाळत दोन पायांवर चालता यावं म्हणून हा फरक घडला, असं कॅथरिन व्हिटकम आणि सहकाऱ्यांनी २००७ साली 'नेचर'मध्ये मांडलं. आफ्रिकेत सापडलेल्या, वीस लाखांहून अधिक वर्षं जुन्या जीवाश्मांतही त्याच्या खुणा आहेत. पोटुशी बाई चालत राहणार, हे हाडांनी केव्हापासून गृहीत धरलंय!

बाकीची तयारी तर पोट दिसायच्याही आधी सुरू होते. दिवस राहिल्यावर दोनेक महिन्यांतच हृदय जास्त रक्त फेकू लागतं, श्वास खोल होतो. पुढे अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. गर्भाशयाकडे एरवी मिनिटाला पन्नासेक मिलिलिटर रक्त जातं, नवव्या महिन्यात पाचशेच्या वर. अशा शरीराला हालचाल मानवते. अडचण नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागावा. त्याने गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका घटतो. रक्तस्राव, चक्कर, छातीत दुखणं किंवा अंगावरून पाणी जाणं असं काही झालं, तर मात्र लगेच थांबून डॉक्टर गाठायचा.

मग हेच शरीर अंकुशनगरच्या वाटेवर पाहू. अंबड तालुक्यातलं हे गाव समर्थ सहकारी साखर कारखान्याचं. मराठवाड्यात गाळपाचा हंगाम लागला की नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. बाई पहाटेपासून फडात वाकते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. दिवस गेलेले असले तरीही. हालचाल म्हणाल तर १५० मिनिटं सकाळीच संपतात.

मग तिचं बाळ अधिक सुदृढ व्हायला नको का? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९०च्या दशकात केईएम रुग्णालयाने गरोदर बायकांचा अभ्यास केला. शोभा राव, चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या शेतातल्या, पाण्याच्या, घरातल्या कामांची मोजदाद केली. २००३ साली निष्कर्ष आला: जितके कष्ट अधिक, तितकी बाळं लहान. या आयांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं.

याचं एक उत्तर मला २०१९च्या एका अभ्यासात दिसतं. अख्खी अमेरिका पळत ओलांडणाऱ्या धावपटूंची ऊर्जा मोजली, तेव्हा कळलं की माणूस महिनोन्‌महिने निवांत स्थितीतल्या खर्चाच्या अडीचपटच झेपवू शकतो. आणि गरोदरपण? २.२ पट! म्हणजे प्रत्येक आई नऊ महिने त्या मर्यादेला टेकूनच जगते. वर उरलेली फट चिंचोळी. अर्ध्या तासाची फेरी तिच्यात सहज मावते, कारण मागे जेवण असतं आणि झोप असते. दिवसभराची तोडणी मावत नाही, त्यातून बाई मुळात अशक्त असेल तर नाहीच. शिवाय फेरी हवी तिथे थांबवता येते. फडात खाडा झाला की पैसे कापले जातात.

म्हणून अशी बाई सातव्या महिन्यात तपासणीला आली, तर 'चालत राहा' म्हणण्याआधी तिला एवढं विचारायला हवं: दिवसभरात बसायला कधी मिळतं, आणि शेवटचं पोटभर कधी जेवलीस?