आधी काम, मग कॉम्प्युटर

वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभा राहणारा माणूस ड्रॉइंग हातात आल्याशिवाय मशीन चालू करत नाही. जॉब केवढा, धातू कोणता, माप किती बारीक, हे कळल्यावरच तो टूल निवडतो. एमआयडीसीची स्थापना १९६२ साली झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत इथेच उभी राहिली. तेव्हापासून किसननगर, हाजुरीसारख्या आसपासच्या वस्त्यांतली कितीतरी घरं या शहाणपणावर चालली आहेत. आमचंही त्यातलंच एक. पण घरात कॉम्प्युटर आणायची वेळ आली, तेव्हा हेच शहाणपण आम्ही आधी विसरलो होतो.

गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली. आमची थोरली लेक ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम करत होती. ऑटोकॅडचा सराव करायला क्लासमध्ये रोज एक तास मिळे, तोही रात्री आठनंतर. ती परत येईपर्यंत अम्मी दारातून हलत नसत. त्यातच ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्यांनी सांगितलं, "घरी स्वतःचं मशीन असेल, तर छोटी ड्रॉइंगं करायला देईन."

हाताशी भिशीचे चाळीस हजार होते. ते ठेवले होते पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बदलायला. दोन रात्री घरात हाच विषय चालला. शेवटी अब्बाच म्हणाले, "यंदा छपरावर ताडपत्री टाकू. पोरीचं शिक्षण ताडपत्रीखाली ठेवता येत नाही." हप्त्यावर काही घ्यायचं नाही आणि चाळीस हजारांच्या फार वर जायचं नाही, एवढं मात्र पक्कं ठरलं.

स्वस्तातला मोह

जवळच्याच एका दुकानात तयार सेट पाहिला. वापरलेला, पण पुसून चकचकीत केलेला. किंमत चौदा हजार. दुकानदार म्हणाला, "भाईजान, कोअर आय-५ आहे, आय-३ नाही." आम्ही पैसे काढणार, तोच लेकीने पूर्ण नंबर विचारला. निघाला ४५७०.

इंटेलच्या या नंबरात सुरुवातीचा आकडा पिढी सांगतो. ४५७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. १२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. नवा आय-३ जुन्या आय-५ पेक्षा सहज पुढे जातो. 'आय-५' ही अक्षरं बघून किंमत ठरवणं म्हणजे पाटी बघून दुकानातला माल ठरवण्यासारखं आहे. शिवाय आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तो सेट आम्ही घेतला असता, तर दीड वर्षात पुन्हा तिथेच येऊन थांबलो असतो.

त्या रात्री आम्ही वहीत ड्रॉइंग काढलं, म्हणजे कामाची यादी. लेकीला द्विमितीय आराखडे करायचे होते. धाकट्याला शाळेचे व्हिडिओ पाहायचे होते, आणि खरं सांगायचं तर गेमही खेळायचे होते. अब्बांना पेन्शनचे कागद भरायचे होते. यातल्या कोणत्याही गरजेला महाग ग्राफिक्स कार्ड लागत नव्हतं, गेम सोडून.

धाकटा हिरमुसला. त्याच्याशी सौदा झाला: कार्ड आता नाही, पण पुढे बसवता येईल असा मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय घ्यायचा. कार्डासाठी तो ईदी साठवेल.

एका अक्षराचा फरक

शनिवारी ठाण्याहून लोकल पकडली, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मुंबईचा कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा हा जुना बाजार. आधी चार दुकानांत फक्त भाव विचारले आणि वहीत लिहून घेतले. खरेदी मग केली.

एका ठिकाणी आय-३ १२१०० दीड-दोन हजारांनी स्वस्त मिळत होता. लेकीने विचारलं, "चाचा, शेवटी एफ तर नाही ना?" होता. नंबराच्या शेवटी एफ असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भागच नसतो. तो घेतला, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं, नाहीतर पडदा काळाच राहतो. एएमडी घ्यायचा असेल तरी हा प्रश्न विचारायचाच. त्यांच्या रायझन ५ ५६००जी सारख्या नंबरातला 'जी' हा ग्राफिक्स आत असल्याची खूण आहे. बिनकार्डाच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच.

मदरबोर्ड एच६१० जातीचा घेतला. साधा असतो, मेमरीच्या दोनच खाचा असतात, पण बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर त्यावर बसतात. जुन्या बोर्डाला नव्या प्रोसेसरसाठी बायोस अद्ययावत करावी लागू शकते, तेवढं विचारून घ्यावं. बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा, हे मेमरी घेण्याआधी तपासावं. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही.

मेमरी १६ जीबी घेतली, आठ-आठच्या दोन पट्ट्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच मेमरी वापरतं, आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला रुंद रस्ता मिळतो. साठवणीला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. घरातल्या माणसाला कॉम्प्युटर 'हळू' वाटतो, तो बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कमुळे. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर-दोनशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर, आणि एनव्हीएमई त्याच्याही कितीतरी पुढे.

जिथे हात आखडू नये

दिवे लावलेल्या कॅबिनेटमध्ये फुकट येणारा पॉवर सप्लाय आम्ही नाकारला. आय-३ १२१०० जास्तीत जास्त ८९ वॅट ओढतो, म्हणजे आमचं काम थोड्या वॅटमध्ये भागतं. पण प्रश्न वॅटचा नाही, भरवशाचा आहे. पॉवर सप्लाय बिघडताना एकटा जात नाही, सोबत बोर्ड आणि एसएसडी घेऊन जाऊ शकतो. म्हणून ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ खुणेचा, वॉरंटीचा घेतला. कॅबिनेट मात्र साधं, हवा खेळती राहील एवढंच पाहिलं.

मॉनिटर जुना घेतला. वागळे इस्टेटमधलं एक ऑफिस जागा बदलत होतं, तिथे बावीस इंचाचा तीन हजारांत मिळाला. मॉनिटर चालू करून डोळ्यांनी पारखता येतो. पांढरा, काळा, लाल असे पडदे लावून ठिपके आणि डाग शोधायचे, सगळ्या जोडण्या लावून पाहायच्या. पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क मात्र वापरलेली घेऊ नये. त्यांचं किती आयुष्य सरलं, ते वरून दिसत नाही.

आमचा हिशेब असा झाला: प्रोसेसर १०,५००, मदरबोर्ड ५,८००, मेमरी ३,४००, एसएसडी ३,२००, पॉवर सप्लाय २,९००, कॅबिनेट १,९००, कीबोर्ड-माऊस ८००, मॉनिटर ३,०००, यूपीएस २,७००. एकूण ३४,२००. नव्या प्रत्येक वस्तूचं जीएसटीचं बिल घेतलं. बिनबिलाचा भाव स्वस्त वाटतो, पण वॉरंटी मागताना हातात कागद लागतो.

एक खर्च आम्ही वहीत धरलाच नव्हता, विंडोजच्या परवान्याचा. "मी फुकट टाकून देतो," असं दोन दुकानांत ऐकलं. दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू न विचारता उचलायची, आणि त्यावर लेकीच्या कमाईची सुरुवात करायची, हे अम्मींना पटलं नाही. चोरीच्या प्रतीसोबत व्हायरस येण्याची भीती वेगळीच. उरलेल्या पैशांत थोडी भर घालून परवाना घेतला. ऑटोकॅड पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणापुरतं मोफत मिळतं, पण त्यावर पैशाचं काम करायचं नसतं. बाहेरच्या साध्या ड्रॉइंगसाठी लेक लिब्रेकॅड शिकली, ते सगळ्यांना मोफत आहे. ज्यांचं काम पत्रं, हिशेब आणि इंटरनेट एवढंच आहे, त्यांना उबंटूसारखी मोफत प्रणालीही पुरते.

भिंतीतली गोष्ट

जोडणी लेकीने घरीच केली, जमिनीवर चादर अंथरून. मदरबोर्डच्या सॉकेटमधल्या बारीक पिनांना बोट लागू द्यायचं नाही, एवढं एक भय होतं. पहिल्याच दाबाला पडदा उजळला आणि धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी अब्बांचा हात कॅबिनेटला लागला आणि त्यांना मुंग्यांसारखा झटका बसला. दोष नव्या मशीनचा नव्हता. आमच्या जुन्या घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं. प्लग काढला आणि इलेक्ट्रिशियन येऊन मीटरपासून अर्थिंगची तार ओढेपर्यंत परत लावला नाही. चाळीत, जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे काम कॉम्प्युटर आणण्याआधीच करून घ्यावं. यूपीएस दिवे गेल्यावर फाईल जतन करायला काही मिनिटं देतो, पण अर्थिंगची जागा घेत नाही.

वरचे भाव आज मिळणार नाहीत. एआयच्या मोठ्या डेटा सेंटरना मेमरी लागू लागली, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे आणि एसएसडीचे भाव बरेच चढले. म्हणून आकडे पाठ करू नका, क्रम धरा. आधी कामाची यादी, मग ग्राफिक्स आत असलेला प्रोसेसर, त्याला जुळणारा बोर्ड, चांगला पॉवर सप्लाय आणि एसएसडी. मेमरी महाग वाटली, तर आज आठची एकच पट्टी घ्या, दुसरी खाच मोकळी ठेवा. शोभेचं सगळं शेवटी.

कॉम्प्युटर आम्ही बाहेरच्या खोलीत ठेवला, सगळ्यांच्या नजरेसमोर. संध्याकाळी सात ते साडेनऊ लेकीची वेळ. त्या वेळी टीव्हीचा आवाज बंद असतो आणि अम्मींना दारात थांबावं लागत नाही. धाकट्याचं कार्ड अजून यायचं आहे. ईदी निम्म्यावर आली आहे.

त्या पावसाळ्यात ताडपत्री दोनदा उडाली. स्वयंपाकघरात पातेली मांडावी लागली, कॉम्प्युटरवर प्लास्टिक झाकावं लागलं. पत्रे पुढच्या वर्षी बदलले. त्यातले चार पत्रे लेकीच्या ड्रॉइंगच्या पैशांचे आहेत. कोणते, ते अब्बा आल्या-गेल्याला बोट करून दाखवतात.