मनाचे दुखणे मायबोलीतच सांगावे

पाय मोडला तर तो वैद्याला दाखवता येतो, तिथे भाषेवाचून फारसे अडत नाही. मनाचे दुखणे मात्र बोलल्याशिवाय कळत नाही, आणि बोलायचे म्हटले की भाषा आडवी येते. सीमाभागात भाषेचा प्रश्न आपण शाळा, उतारे, पाट्या आणि सरकारी कागद यांच्यापुरता मांडत आलो. तो आपल्या माजघरातही शिरला आहे, याकडे मात्र आमचेसुद्धा लक्ष नव्हते. एका मुलाने आमचे डोळे उघडले.

मुलगा खानापूर तालुक्यातला. वडील भातशेती करणारे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकला, गुण चांगले मिळाले. पी.यू.सी. विज्ञानाला गेला आणि तिथे सारेच इंग्रजीत. सहामाहीनंतर त्याने कॉलेज सोडले. दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहायचे, रात्री जागायचे, जेवणाच्या ताटावरून उठायचे. वडील आमच्याकडे आले तेव्हा आम्ही चाळीस मुलांना सांगतो तेच सांगितले, "आळस झटक, अभ्यास कर, सगळे ठीक होईल." हे सांगणारे आम्ही शिक्षणशास्त्राचे पदवीधर! आज त्याची लाज वाटते.

पुढे वडिलांनी त्याला शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर भले गृहस्थ, पण संभाषण कन्नड आणि इंग्रजीत. मुलाने प्रत्येक प्रश्नाला मान हलवली. कागदावर काय लिहिले ते ना बापाला कळले ना लेकाला. अखेर पुण्याच्या आत्याने एका मराठी समुपदेशक बाईंची फोनवर वेळ ठरवून दिली. घरात एकच खोली आणि रेंज नाही. म्हणून रविवारी आम्ही शाळेची खोली उघडून दिली आणि स्वतः बाहेर पिंपळाच्या पारावर जाऊन बसलो. तो पाऊण तास बोलला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. एवढेच म्हणाला, "गुरुजी, पहिल्यांदाच कुणीतरी मधे न बोलता ऐकले." पुढे बाईंच्या सल्ल्याने त्याने औषधही घेतले. आज तो आय.टी.आय. करतो आहे. सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही, पण तो जेवतो, झोपतो आणि बोलतो.

हे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये का झाले नाही? आपली माणसे मनाचे दुखणे कसे सांगतात ते आठवा. जीव घाबरा होतो, पोटात कालवते, डोळ्याला डोळा लागत नाही, अन्न गोड लागत नाही, जिवाला घोर लागला आहे. यांतला एकही शब्द दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा नेता येत नाही. 'बेजार' हा शब्दच घ्या. आपण बेजार म्हणतो ते त्रासून थकून गेलो या अर्थाने. कन्नडमधला 'बेजारु' कंटाळा किंवा मनाची खिन्नता सांगतो. शब्द एकच, पण सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा अर्थ वेगळा झाला तर उपचाराची दिशाच चुकेल. यात कन्नड भाषेशी वैर नाही. कन्नड भाषक शेजाऱ्यालाही आपले दुःख कन्नडमध्येच सांगावेसे वाटणार.

आता मार्ग पाहू. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्यदिनी, 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. क्रमांक 14416. फोन विनामूल्य, चोवीस तास. बंगळुरूची निम्हान्स ही नामवंत संस्था या योजनेचे मुख्य केंद्र आहे. फोनवर आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडल्यास पुढे तज्ज्ञाकडे पाठवले जाते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये याचे मोबाईल अ‍ॅप आले, आणि समोरासमोर पाहून बोलण्याची सोय पहिल्या टप्प्यात ज्या राज्यांसाठी जाहीर झाली त्यांत कर्नाटक होते. फोन करणाऱ्याला भाषा निवडता येते, पण फोन सामान्यतः आपापल्या राज्याच्या केंद्राकडे जातो. म्हणून सीमाभागातल्या माणसाने पहिले वाक्य हेच बोलावे, "मला मराठीत बोलायचे आहे."

ही मेहेरबानीची याचना नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला त्याच्या आजाराची व उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिला आहे. उपचाराला त्याची संमती घ्यायची तीही त्याला समजेल अशा भाषेत सांगूनच. त्याची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही याच कायद्यात आहे. घटनेच्या 350-क कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगितली, ते कलम आपल्याला पाठ आहे. आता हा कायदाही माहीत करून घेऊया.

फोन करण्यापूर्वी थोडी तयारी करावी. त्रास कधीपासून आहे, झोप, भूक आणि काम यांवर काय परिणाम झाला, कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून ठेवावे. आडोशाची जागा शोधावी. घरातल्या सुनेला सासरच्या जाचाविषयी बोलायचे असेल तर तिला फोन देऊन दाराशी उभे राहणे ही मदत नव्हे. स्पीकर तर लावूच नये. एका फोनने मन हलके होईल, प्रश्न सुटेलच असे नाही. दोन-तीन वेळा बोलावे लागते. खासगी समुपदेशक असेल तर त्याचे शिक्षण आणि फी आधीच विचारावी. ओटीपी किंवा बँकेचा तपशील कोणी मागितला तर फोन बंद करावा. औषध डॉक्टरनेच द्यायचे असते आणि ते मधेच आपल्या मनाने थांबवायचे नसते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कोणी जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, शांतपणे ऐका, त्याला एकटे सोडू नका. शेतीची विषारी औषधे कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. धोका समोर दिसत असेल तर फोनवर विसंबून न राहता 112 ला कळवा किंवा थेट दवाखाना गाठा. लोक काय म्हणतील, पोलीस येतील, या भीतीने दडवू नका. 2017 च्या त्याच कायद्याने अशा प्रसंगी माणूस मोठ्या ताणाखाली होता असे मानून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

आमची गावोगावच्या समित्यांना, वाचनालयांना आणि महिला मंडळांना एक सूचना आहे. आठवड्यातून दोन तास एक खोली उघडी ठेवा. एक खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि भिंतीवर 14416 हा क्रमांक मराठीत. आत कोण गेले, काय बोलले, याची चौकशी कोणी करायची नाही. निदान एवढे आपल्या हातात आहे. मराठीत बोलणारे समुपदेशक बेळगाव, कारवार आणि बीदर जिल्ह्यांसाठी नेमावेत, अशी लेखी मागणीही प्रत्येक गावाने जिल्हा आरोग्य खात्याकडे करावी. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.

भाषेसाठी आपण पिढ्यान् पिढ्या झगडलो. त्या भाषेत आपल्याच पोराला "तुला काय होते आहे, सांग" असे विचारून गप्प बसणे मात्र आपण शिकलो नाही. आम्हीही ते उशिरा शिकलो. आमच्या शाळेची ती खोली आता दर रविवारी दहा ते बारा उघडी असते.