शेवंतीची वाटणी

परभणीकडील घरांतून शेवंतीच्या कुंडीविषयीं एक ठराविक गाऱ्हाणें ऐकूं येतें: पहिल्या वर्षीं फुलें भरगच्च, दुसऱ्या वर्षीं बारीक, आणि तिसऱ्या वर्षीं नुसता पाला! दोष बहुधा उन्हाळ्यावर टाकला जातो. वस्तुतः तो न केलेल्या वाटणीचा असतो.

एकदां फुलून गेलेल्या खोडाचें काम संपलेलें असतें. त्याच्या बुडाभोंवतीं मातींतून नवे कोंब फुटतात; त्यांस काश्या म्हणतात. त्या तशाच राहूं दिल्या तर ओंजळभर मातींत एकमेकींच्या तोंडचा घांस ओढतात, आणि मधला बुंधा लांकडासारखा होतो.

त्यांत आपल्याकडील काळी माती. कापसाला ती उत्तम, कारण ओल धरून ठेवते. पण कुंडींत हाच गुण बाधतो. श्रावणांत ती फुगून बसते व मुळें कुजतात. वैशाखांत ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलें पाणी फटींतून खालीं निघून जातें आणि गाभा कोरडाच राहतो. आपणांस मात्र पाणी घातल्याचें समाधान! यास्तव काळी माती, गोदावरीची वाळू आणि जुनें कुजलेलें शेणखत समभाग घ्यावें, व तळच्या भोंकावर खापरी ठेवावी.

फुलें सरल्यावर, पौषाच्या सुमारास, खोडें चार बोटें ठेवून छाटावीं. उन्हाळाभर कुंडी सकाळचेंच ऊन लागेल अशा जागीं ठेवावी. पारा बेचाळीस अंशांवर जाणाऱ्या दिवसांत वाटणी करूं नये. मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे कुंडी उपडी करून, बाहेरच्या अंगाच्या, स्वतःचीं मुळें धरलेल्या काश्या तेवढ्या धारदार चाकूनें अलग कराव्या व निराळ्या कुंड्यांत लावाव्या. मधला बुंधा टाकून द्यावा.

घरांत मतभेद होतो तो येथेंच. आमच्या काकूंनीं माहेराहून आणलेल्या पिवळ्या शेवंतीचा बुंधा दोन वर्षें कोणास हलवूं दिला नाहीं. “आईच्या हातचें झाड उकिरड्यावर टाकूं काय?” असा त्यांचा प्रश्न. त्याचें उत्तर वनस्पतिशास्त्रांत आहे. शेवंतीचें बीं पेरलें तर तेंच फूल येईल असा भरंवसा नसतो. काश्यांतून मात्र तेंच झाड जसेंच्या तसें पुढें चालतें. ती त्या झाडाची संतति नव्हे, तें झाडच होय. काकूंस हें पटलें, पण उशिरां. तिसऱ्या पावसाळ्यांत सबंध कुंडी कुजली. पूर्वीं सेलूस नणंदेकडे चार काश्या दिलेल्या होत्या, म्हणून त्यांतल्या दोन परत आणतां आल्या. आतां दर मृगांत त्या स्वतःच चाकू मागतात, आणि शेजारच्या तीन घरीं वाण पोंचवितात.

लावल्यावर महिन्याभरानें शेंडे खुडावे, म्हणजे फांद्या फुटतात. आणखी एक: ओसरीवरील विजेच्या दिव्याखालीं कुंडी ठेवूं नये. रात्री मोठ्या होऊं लागल्या कीं शेवंती कळी धरते. रात्रभर उजेड पडला तर तिला पावसाळा संपल्याचें कळतच नाहीं.