महापुराच्या गावांना बचत गटांचे बळ

सह्याद्रीवरील पावसाचे पाणी कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांतून पंचगंगेत येते आणि शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. या नदीकाठाने २००५, २०१९ व २०२१ साली महापूर सोसला. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या, तर जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेले. हवामान बदलामुळे अल्पावधीतील अतिवृष्टी वाढत असल्याने महापूर हा अपवाद मानून चालणार नाही.

पूर ओसरल्यावर पंचनामे होतात. पिकाची मदत सातबाऱ्यावरील खातेदारास मिळते. परंतु दुसऱ्याच्या उसात भांगलण करणाऱ्या भूमिहीन स्त्रीचा बुडालेला रोजगार सातबाऱ्यावर नोंदलेला नसतो. घरात पाणी शिरलेल्या कुटुंबास सानुग्रह अनुदान मिळते, तरी ते हाती पडेपर्यंत चूल पेटती ठेवावीच लागते. सावकाराची पायरी चढावी लागते ती याच दिवसांत.

येथे बचत गट उपयोगी पडतो. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले, गटांना बँकांशी जोडण्याचे कार्य नाबार्डने १९९२ साली आरंभिले आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने गटांचे ग्रामसंघ व प्रभागसंघ उभे केले. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड व लेखे ही शिस्त पाळणाऱ्या गटातून गरजू भगिनीस तारणाविना कर्ज मिळते.

तथापि या व्यवस्थेस एक मर्यादा आहे. आजारपण एका घरी येते. पूर मात्र सर्व सभासदांच्या दारी एकाच दिवशी येतो. सर्वांनाच कर्ज हवे आणि परतफेड कोणाचीच नाही, अशा वेळी एकट्या गटाची तिजोरी पुरणार नाही. म्हणून ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी, उंचावरील गावांनाही सामावणारा प्रभागसंघ, जनावरांचा विमा आणि शासकीय मदत यांची साखळी गटामागे हवी. गट हा शासकीय संरक्षणाचा पर्याय नव्हे. ते संरक्षण घरापर्यंत पोहोचविणारा दुवा होय.

यासाठी पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभेने ग्रामसंघाच्या साहाय्याने भूमिहीन, विधवा, वृद्ध व अपंग यांची यादी करावी, रेशनकार्ड व बँक पासबुकाच्या प्रती सुरक्षित स्थळी ठेवाव्यात आणि पूरकाळातील हप्त्यांविषयी बँकेशी आधीच बोलणी करावीत. शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी यांनी या कामी हातभार लावल्यास, ज्यांच्या नावावर जमीन नाही अशी कुटुंबेही मदतीच्या यादीबाहेर राहणार नाहीत.