आतड्याचा कॅन्सर : ऑपरेशननंतरची पाच वर्षे

हर्णेहून परळच्या टाटा हॉस्पिटलात जाऊन ऑपरेशन झाले की आपण म्हणतो, गाठ काढली, सुटलो. पण मोठ्या आतड्याचा कॅन्सर उलटू शकतो. बहुतेकदा पहिल्या 2-3 वर्षांत, अनेकदा यकृतात किंवा फुफ्फुसात.

धोका कुणाला जास्त, हे काढलेल्या गाठीच्या तपासणी अहवालात कळते : रोग लसिकाग्रंथींत पोहोचला का, गाठ आतड्याच्या भिंतीपार गेली का, किमान 12 ग्रंथी तपासल्या का. आतडे तुंबून किंवा फुटून तातडीचे ऑपरेशन झाले असेल, तरीही धोका वाढतो.

म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना सीईए रक्तचाचणी, सीटी स्कॅन आणि वर्षभराने कोलोनोस्कोपी चुकवू नये. आपण कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या रुग्णाची फाईल सांभाळावी, तारखेला सोबत जावे. करुणा कृतीत दिसली पाहिजे.