वेंगुर्ले–बेळगाव रस्ता

वेंगुर्ले बंदर आणि घाटमाथ्यापलीकडील बेळगाव यांना जोडणारा रस्ता जेमतेम सव्वाशे किलोमीटरांचा आहे. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, तेथून दाणोली, मग आंबोलीचा घाट आणि पुढे चंदगड तालुक्यातून शिनोळीवरून बेळगाव, असा त्याचा क्रम. पर्यटकांना तो आंबोलीच्या धबधब्याचा रस्ता म्हणून ठाऊक असतो. परंतु धबधबा पाहावयास कोणी डोंगर फोडीत नाही. हा डोंगर फोडला गेला तो बंदरासाठी.

सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली होती. १८१२ मध्ये हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले आणि पुढे बेळगावास छावणी पडल्यावर तिला जवळचे बंदर हेच ठरले. देशावरचा कापूस खाली यावा, मीठ आणि नारळ वर जावेत, असा हा व्यवहार. जुनी वाट रामघाटाची. ती फार उभी होती. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीच्या बाजूने नवा घाट बांधण्यात आला. आज मोटार हाकणाऱ्यास त्याची वळणे जाचक वाटतात खरी. पण ती भरलेल्या गाडीच्या बैलांची ताकद पाहून आखलेली आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे तक्रार उरत नाही.

याच शतकाच्या अखेरीस मार्मागोवा बंदर कॅसल रॉकच्या मार्गे लोहमार्गाने देशाशी जोडले गेले. आगगाडीपुढे बैलगाडीचे काय चालणार? कापूस तिकडे वळला, वेंगुर्ल्याची वर्दळ ओसरली. ज्या बंदरासाठी रस्ता झाला ते मागे पडले, रस्ता मात्र राहिला.

तो राखणे सोपे नाही. सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. माथ्यावरचा सच्छिद्र जांभा हे पाणी पितो, खालचा काळा कातळ ते अडवितो आणि दोहोंमधील चिकणमाती भिजून सुटते. दरडी येतात त्या अशा. घाट बंद पडला की तळकोकणातील बाजारात घाटावरची भाजी येईनाशी होते. आणखी एक गंमत: येथला पाऊस घाटाच्या खालच्या अंगास पडला तर थोड्याच वेळात अरबी समुद्र गाठतो, वरच्या अंगास पडला तर हिरण्यकेशी, घटप्रभा आणि कृष्णा असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरास मिळतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि शिनोळीपलीकडे या रस्त्यावर राज्याची सीमा आली. दोन्ही बाजूंची माणसे बाजाराला, दवाखान्याला आणि सोयरिकीला त्याच रस्त्याने जात राहिली. घाटाखाली वेंगुर्ल्यास काजूच्या नव्या जाती निपजल्या. वर चंदगडातही काजूच्या बागा आणि कारखाने आहेत. कापसाच्या गाड्या गेल्या त्या वाटेने आता काजूची पोती जातात.