माकडताप : रानाच्या काठावरचा आजार

इथे अमिरातीत प्राण्यांकडून येणारा आजार म्हटलं की उंट आणि २०१२ मध्ये सापडलेला मेर्सचा विषाणू आठवतो. पण सुट्टीत सिंधुदुर्ग किंवा गोव्याला जाणार असाल, तर आणखी एक नाव माहीत हवं : माकडताप.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या तापाचा विषाणू शोधला. तो मुळात रानातले छोटे प्राणी आणि गोचिडी यांच्यात फिरत असतो. मग तो माणसापर्यंत का आला? शेतीसाठी रान तुटलं, उरलेल्या रानात गुरं चरू लागली. गुरांच्या रक्तावर मोठ्या गोचिडी पोसल्या आणि रानाच्या काठावर त्यांची संख्या वाढली. माणसाला चावतात ती मुख्यतः त्यांची बारीक पिल्लं.

२०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात हा ताप पोचला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याचा फटका बसला. रानाला लागून बाग, खाली वाळका पाला, आणि काजूचा हंगाम नेमका गोचिडींच्या पिल्लांचाही हंगाम!

माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळून पडतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला लगेच कळवा. बागेत अंगभर कपडे घाला. आणि लक्षात ठेवा, दोष माकडाचा नाही. काठ आपण कुरतडला आहे.